धूर बाहेर काढायची नोकरी

लोकांच्या घरातला धूर बाहेर काढायचा, ही माझी नोकरी होती. लोकांनी काढा म्हटलं नव्हतं आणि मलाही काढायची हौस नव्हती. पण सरकारच्या मनात आलं होतं. सरकारच्या मनात आलेली गोष्ट बाईच्या चुलीपर्यंत पायी पोचवायला एखादं स्वस्तातलं माणूस लागतं, ते मी होते. कागदावर ग्रामसेविका. गावात मला तसं कोणी म्हणालं नाही. बायका ‘चूलवाली बाई’ म्हणत आणि पुरुष काहीच म्हणत नसत, नुसते बघत.

आता उतारवयात कोणी म्हणतं, ‘त्या काळात तुम्ही एकटीनं खेड्यात नोकरी केली, केवढं धाडस!’ धाडस कसलं डोंबलाचं. नवऱ्यानं दुसरी आणली आणि मी लेकीचं बोट धरून सेलूला भावाच्या दारात उभी राहिले. भाऊ जिनिंगमध्ये कामाला होता. तो वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती. पण मराठी सातवी पास झालेली बाई घरात नुसती बसलेली कोणाला पाहवत नाही. नव्या योजनेत बायका घेतात असं भावानं कुठूनसं ऐकलं, अर्ज स्वतःच लिहिला, मला म्हणाला इथं सही कर. मी केली. तेव्हा मला वाटलं शाळेत शिकवायचं असेल.

त्या दिवसांत राज्यं भराभर बदलत होती. आधी निजाम गेला, मग हैदराबाद राज्य गेलं, आणि एका सकाळी कळलं की आपण आता मुंबईचे झालो. जागचं न हलता माणूस हैदराबादहून मुंबईला पोचत होतं. मला मात्र चारठाण्याच्या पलीकडच्या एका गावातून सेलूला, माझ्या लेकीजवळ, जायला जमलं नाही. त्याचीच ही हकीकत.

शिकवणी परभणीला झाली. चरखा, बाळंतिणीची काळजी, शोषखड्डा असं बरंच काय काय होतं, पण वरच्यांचा सगळा जीव निर्धूर चुलीत. मातीची लांबट बंद चूल, वर ओळीनं तीन भांड्यांची तोंडं, एका टोकाला जाळ घालायचा आणि दुसऱ्या टोकाला कुंभाराकडून भाजून आणलेला नळ, तो छपरातून वर काढायचा. धूर त्या नळानं बाहेर. बायकांचे डोळे वाचतील, सरपण कमी लागेल, घरं काळी होणार नाहीत. ऐकायला सगळं गोड होतं. शिकवणी मांडवात होती आणि मांडवात धूर कुठंही गेला तरी चालतो.

नेसायला खादीचं पांढरं लुगडं दिलं. ज्यानं कोणी ते ठरवलं त्याला आमच्याकडची एकही बाई कधी भेटली नसावी. पांढरं लुगडं नेसून मी गावात शिरले आणि गावानं ठरवून टाकलं की बाई विधवा आहे. सकाळी कामाला निघालेल्या माणसासमोर मी आले तर तो घटकाभर थांबून, पाणी पिऊन मग निघे. नवरा माझा जिवंत होता, खणखणीत होता, हिंगोलीकडं दुसरीच्या हातचं जेवत होता. पण हे कपाळावर लिहून थोडंच फिरता येतं!

राहायला खोली मिळाली ती एका शेतकऱ्याच्या घरात. खोली म्हणजे जुनी कडब्याची जागा, सारवून दिलेली. घरची मालकीण माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, अंगानं काटक, बोलायला फटकळ. मी तिला मावशी म्हणू लागले. घरची शेती मध्यम, खाऊनपिऊन सुखी. तिचा मालक दिवसातून चार वाक्यं बोले आणि त्यातली तीन बैलांशी.

पहिल्या संक्रांतीला मावशीच्या घरी हळदीकुंकवाला बायका जमल्या. मी आपली खोलीत दार लोटून बसले, कशाला कोणाच्या सणात आडवं यायचं. मावशी तरातरा आली, मला हाताला धरून बायकांच्या मधोमध नेऊन बसवलं आणि कपाळाला बोटभर कुंकू लावलं.

“काय बघायलाव गं? बाईचा मालक जिता हाय,” ती म्हणाली. “लुगडं सरकारचं हाय, कपाळ तिचं हाय.”

मालक जिता होता हेच तर माझं दुखणं होतं. पण त्या दिवशी मला रडू आलं आणि ते मी तिळगूळ तोंडात कोंबून गिळलं. त्या गावात माझ्या बाजूनं कोणी बोलल्याची ती पहिली वेळ.

नोकरीचा मला तिटकारा होता. रोज सकाळी उठून परक्या घरात शिरायचं, बाईचा चेहरा पाहायच्या आधी तिची चूल पाहायची आणि तिला सांगायचं की तू, तुझी सासू, तिची सासू, सगळ्या आजवर चुकत आलात. कोण ऐकून घेईल? मीही घेतलं नसतं. म्हाताऱ्या मला विचारत, “तुमच्या घरी कशी हाय वो चूल?” माझं घरच नव्हतं, तर चुलीचं काय सांगू! माझ्या खोलीत एक नमुन्याची चूल बांधून ठेवली होती खरी. तिच्यावर मी लुगड्यांची घडी ठेवत असे आणि भात मागच्या अंगणात तीन दगडांवर शिजवत असे. भाकरी मावशी थापून द्यायची.

नावडती नोकरी माणूस कशी रेटतं, असं विचाराल तर प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. माझं औषध चिखल होतं. चुलीची माती शेण-भुसा घालून पायानं चांगली तुडवावी लागते. मी पदर खोचून त्या चिखलात उतरले की मनातल्या मनात एकेकाला पायाखाली घेई. नवऱ्याला घेई, साहेबाला तर रोजच घेई, कधी भावाची ती सही घेणारी बोटं घेई. दातओठ खाऊन तुडवलेली ती माती अशी मऊसूत होई की चुलीला चीर म्हणून पडत नसे. गावात म्हणू लागले, बाईच्या हाताला गुण आहे. गुण पायाला होता, आणि तो रागाचा होता. पण रागानं केलेलं कामही चांगलं होऊ शकतं आणि चांगलं काम अंगाशी येऊ शकतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

तर साहेब. तालुक्याला योजनेचं कार्यालय होतं, तिथले मुख्य. हैदराबादेत शिकलेले, मराठी बोलताना मधून मधून उर्दूवर घसरणारे, गोड माणूस. ओरडत कधीच नसत. ओरडले असते तर बरं, भांडता तरी आलं असतं. जीप गावाबाहेर उभी करून ते खिशातून रुमाल काढत, नाकाला लावत आणि म्हणत, “बाई, चुली किती झाल्या?” बस्स. माझी खोली गळते का, मला ताप होता का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते जीपमधूनही करता येतं.

चुली होत नव्हत्या. म्हणजे मी बांधून येई आणि आठवड्यानं बघावं तर बाईनं बाजूला जुनी चूल पुन्हा मांडलेली असे. बायकांची कारणं खोटी नव्हती. नव्या चुलीचं तोंड अरुंद. त्यात पऱ्हाट्या मावत नाहीत, आणि कापसाच्या मुलखात पऱ्हाट्या नाही जाळायच्या तर काय चंदन जाळायचं? शिवाय भाकरी. तव्यावरनं काढलेली भाकरी निखाऱ्याला टेकवून उभी केल्याशिवाय फुगत नाही, आणि या चुलीला निखारे पुढं ओढायला जागाच नव्हती. धूर जायला माळवदाला साणं असतंच, मग आणखी भोक पाडून पावसाला घरात कशाला बोलवायचं? हे सगळं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “आदत बदलायला वेळ लागतो.”

पण खरं कारण याहून मोठं होतं आणि ते प्रत्येक घरात चुलीच्या डोक्यावर लटकत होतं. ज्वारीची कणसं. मळणीच्या आधी शेतात फिरून मोठी, भरलेली, एकसारखी कणसं निवडायची, जुडी बांधायची आणि चुलीवरच्या आढ्याला टांगायची. ते पुढच्या वर्षाचं बी. वर्षभर त्याला धूर लागतो, काजळी धरते आणि दाणे पोखरणारे सोंडे त्याच्या वाटेला जात नाहीत. पेवात जमिनीखाली ठेवलेली ज्वारी खायला चालते, पेरायला नाही, ती उबते. उगवतं ते चुलीवरचंच. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या सासरीही तसंच टांगत. धूर घराबाहेर काढला की बी उघडं पडणार, हे चूल बांधता येत नव्हती तेव्हापासून मला कळत होतं.

साहेबांना मी तेही सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं विचार केल्यासारखं केलं. “बियाणं पत्र्याच्या डब्यात ठेवायला सांगा. वर पावडर मारायची.”

“कुठली पावडर?”

“येईल,” साहेब म्हणाले.

ती अजून यायची आहे.

सेलूला मी महिन्यातून एकदा जाई. लेक दारात येई, माझी पिशवी घेई आणि पहिला प्रश्न विचारी, “आता कधी?” म्हणजे सेलूला कायमची कधी. पोरीला गावात आणावी तर माझी फिरती. आज या गावी तर उद्या त्या. मावशी कितीदा म्हणाली, “पोरीला हितं आणा की, मी सांबाळते. माज्या हाताखाली वाढंल.” मी नको म्हणे. तिला वाटे भीड. भीड नव्हती. पोरीला इथं आणलं म्हणजे मी इथलीच झाले, ही नोकरी माझी झाली, असं मला वाटे. मला या नोकरीत बूड टेकवायचंच नव्हतं. सेलूच्या केंद्रात एक जागा होती, बसून शिवणकाम शिकवायची. ती मिळाली की लेक आणि मी एका खोलीत राहू, ती शाळेत जाईल, संध्याकाळी मी तिचं डोकं विंचरीन. एवढंच माझं स्वप्न होतं. आज ऐकताना भिकार वाटतं, पण तेव्हा मी त्यावर जगत होते.

बदलीला तेव्हा आमच्याकडे तबादला म्हणत. तबादल्याची माझी दरखास्त साहेबांच्या टेबलावर पडून होती. त्या वर्षी माघात साहेब आले ते नेहमीपेक्षा गोड होऊन आले. मुंबईहून मोठे साहेब यायचे होते. खरं म्हणजे त्यांना चारठाण्याची जुनी देवळं बघायची होती, पण नुसती देवळं बघायला सरकारी गाडी कशी आणणार? म्हणून वाटेत एक निर्धूर गाव बघायचं ठरलं होतं. ते आमचं.

“गावातल्या सगळ्या चुली चैत्रापर्यंत चालू दिसल्या पाहिजेत,” साहेब म्हणाले. “काम पक्कं झालं की तुमची दरखास्त मी स्वतः वर पाठवतो. मृगाच्या आत तुम्ही सेलूला.”

मी त्या शब्दावर विश्वास ठेवला का? ठेवला. पुढच्या खेपेला लेकीला सांगूनही टाकलं की मृगाच्या आत येते. तिनं मान हलवली आणि मामीकडं बघितलं. मामी भाजी चिरत होती, तिनं वर पाहिलं नाही.

गावात परतून मी मावशीपुढं बसले आणि सगळं सांगितलं. एकही बाई तयार होणार नाही हेही सांगितलं. मावशी ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“आमच्यात बांदा आदी,” ती म्हणाली.

“मावशी, तुमची कणसं?”

“त्याला काय हुतंय? काजळी धरलीय चांगली. दोन-तीन म्हैन्यानं काय वाकडं हुनार हाय?”

“काढून दुसरीकडं ठेवा तरी.”

“कुटं ठिवू? तुमच्या त्या पत्र्याच्या डब्यात? हाय का डबा?” ती हसली. “राहू द्या जागच्या जागी. तुमाला लेकीकडं जायाचंय ना? मंग बांदा.”

तिच्या घरची ज्वारी साधी नव्हती. तिच्या सासूनं माहेराहून ओटीत आणलेलं ते बी, पांढऱ्याशुभ्र मोठ्या दाण्याचं. त्या भाकरीला लोण्यासारखी मऊ चव होती. शिळी झाली तरी कडक होत नसे. पंचक्रोशीत तसं बी दुसरीकडं नव्हतं आणि मावशी ते कोणाला देतही नव्हती. घरची ज्वारी म्हणजे घरची अब्रू असं मानणारी ती बाई. तिचा मालक त्या दिवशी बैल सोडून माणसांशी एक वाक्य बोलला. “कणसं जातील,” तो म्हणाला. मावशी म्हणाली, “जाऊ द्या, बाई तरी जाईल.” मग तो माळवदावर चढला आणि त्यानं नळासाठी भोक पाडून दिलं.

मावशीच्या घरात नवी चूल पेटली म्हटल्यावर गाव नरमलं. तिच्या शब्दाला वजन होतं. एकेक करून बायका बोलावू लागल्या. मी रात्रंदिवस चिखल तुडवला. पण बायकाही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. चूल नवी, पण नळाच्या तोंडात चिंध्यांचा बोळा. जीपचा आवाज आला की बोळा काढायचा, जीप गेली की परत कोंबायचा. म्हणजे कणसांना धूर मिळतो. मला सगळं दिसत होतं आणि मी मुद्दाम दुसरीकडं बघत होते. फक्त मावशीला ते करता येत नव्हतं. तिचं घर चावडीला लागून, जीपच्या थांब्यावर. साहेब आणि त्यांची माणसं आधी न कळवता येत, पहिली तिचीच चूल बघत, पाव्हण्यांना तीच दाखवत. ती नमुन्याची चूल झाली होती. तिच्या नळात बोळा घालायची सोय नव्हती.

चैत्रात मोठे साहेब आले. उन्हं चढलेली, बायकांचा स्वयंपाक पहाटेच उरकलेला. पण नळातून धूर दिसला पाहिजे होता. म्हणून गावानं भरदुपारी रिकाम्या चुली पेटवल्या. चांगला जाड धूर यावा म्हणून ओल्या गोवऱ्या घातल्या. एका घरात बोळा काढायचा राहिला आणि आतली म्हातारी खोकत खोकत बाहेर येऊन नेमकी मोठ्या साहेबांच्या पुढ्यात पडली. लोकांनी ती त्यांच्या पाया पडली असं समजून घेतलं. गावात शिरायच्या आधी मोठे साहेब बाहेरच्या उंचवट्यावर उभे राहिले, माळवदांवरनं उठणारे धुराचे नळ पाहिले आणि म्हणाले, “वा.” निर्धूर गाव त्यांनी पाहिलं ते असं, धुरानं भरलेलं. कोणालाही हसू आलं नाही. मलाही त्या दिवशी आलं नाही, मी हात जोडून उभी होते आणि मनात सेलू सेलू करत होते.

मावशीच्या घरात येऊन त्यांनी चूल पाहिली. वर कणसं लटकत होती. मोठ्या साहेबांनी विचारलं, ही शोभेसाठी का? आमचे साहेब म्हणाले, हो. मग सगळे देवळं बघायला गेले.

वैशाख गेला. साहेब मधून मधून येत, “फाइल वर गेलीय” म्हणत आणि मावशीची चूल कोणाला तरी दाखवून जात. मी मावशीला म्हटलं, आता घाला बोळा, झालं आपलं काम. ती म्हणाली, “हुकूम हातात येऊ द्या. ऐनवेळी कुणी बगितलं तर तुमचं सगळं केलेलं पान्यात जाईल.” मी खोलीतलं सामान बांधायला काढलं. दोन लुगडी, एक पितळी तांब्या. बांधायला होतं काय!

ज्येष्ठात साहेब आले. जीपमधून उतरले ते हसतच.

“मोठे साहेब फार खूश आहेत, बाई. जिल्ह्यात असं काम कोणाचं नाही. पलीकडची पाच गावं तुमच्याकडं दिली आहेत.”

मी विचारलं, “आणि सेलू?”

“सेलूला तिकडच्या बाईंना पाठवलं,” ते म्हणाले. तिकडची बाई म्हणजे शेजारच्या भागातली ग्रामसेविका, वर्षभरात एकही चूल न बांधलेली. “तिच्याकडून इथं काम होतच नव्हतं. मग इथं ठेवून काय उपयोग? तुमचं तसं नाही. तुम्हाला इथून हलवलं तर इथलं कोण बघणार?”

एवढं सरळ. त्यात फसवणूक नव्हती, लाच नव्हती, वैर नव्हतं. साहेबांना वाटत होतं ते माझं कौतुक करतायत. शिव्या देण्यासारखं त्यांनी काही केलेलंच नव्हतं, आणि शिव्या तर माझ्या घशापर्यंत आल्या होत्या. मी म्हटलं, “बरं.” त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि गेले.

काम करणाऱ्याच्या पाठीवर थाप मारायची आणि त्याच पाठीवर आणखी एक गोणी ठेवायची, ही रीत मी नंतर पुष्कळ ठिकाणी पाहिली. पण पहिल्यांदा अनुभवली तेव्हा वाटलं, ज्या पायांनी ती माती तुडवली ते पाय तोडून टाकावेत. वाईट काम केलं असतं तर लेकीजवळ असते.

मृग लागला तशी मावशीच्या मालकानं शिडी लावून कणसं खाली काढायला घेतली. खालून पाहताना ती जशीच्या तशी होती, काळी, भरलेली. सोंडा आतून खातो, वरची काजळी तशीच राहते. त्यानं जुडी हातात घेतली आणि त्याच्या मनगटावर पांढरं पीठ सांडलं. त्यानं दुसरी काढली. मग तिसरी काढायच्या आधी तो शिडीवरच थांबला. मावशीनं खाली पदर पसरला होता, त्यात पीठ आणि वळवळणारे किडे पडले. ती पदर तसाच धरून उभी राहिली. मी दारात होते.

मला वाटलं आता ती मला बोलेल. बोलावी असं मला फार वाटत होतं.

तिनं पदर अंगणात झटकला. कोंबड्या धावल्या. मग हात पुसत माझ्याकडं आली.

“बी गेल्याचं न्हाई वो बाई,” ती म्हणाली. “भावकीत मागितलं तर दुसरं मिळंल, कुनी न्हाई म्हननार न्हाई. पर तुमी गेल्या असत्या तर म्हनलं असतं, कामी आलं. तुमीबी न्हाई गेलाव.”

मला तिचा भयंकर राग आला. उपकाराचं ओझं वगैरे काही नाही, सरळ राग. एवढी वर्षं ज्यांना चिखलात तुडवलं त्यातल्या कोणाचाही आला नसेल इतका. तिनं मला दोष दिला असता तर मी तिच्याशी भांडले असते, सरकारला चार शिव्या हासडल्या असत्या आणि दोघी मोकळ्या झालो असतो. तिनं ती वाटच ठेवली नाही. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि ती दुपारची भाकरी घेऊन आली तेव्हा भूक नाही म्हणून सांगितलं.

पेरण्या उरकल्यावर मी सेलूला गेले. वाटभर शब्द जुळवत होते. लेकीला काय सांगायचं, कसं सांगायचं. मृगाच्या आत येते म्हणून शब्द दिला होता आणि मृग तर सरला. ती दारात आली, माझी पिशवी घेतली आणि आत वळली. ‘आता कधी’ विचारलं नाही. मीच म्हटलं, “अगं, तो तबादला...”

“होणार नाही ना?” ती म्हणाली. “मामी म्हणाली होती तेव्हाच, की असं काही होत नसतं. मी सगळ्यांच्या आधीच वह्यांना पुठ्ठे घातले, बघायचे?”

वहिनी चुलीपाशी होती, भाऊ खाटेवर बसला होता. दोघांनी माझ्याकडं पाहिलं आणि वहिनीनं पाट मांडला, जेवून घ्या म्हणाली. त्यांच्यापैकी कोणीही माझी वाट पाहत नव्हतं. माझं येणं त्यांनी कधी धरलंच नव्हतं. पोरीनंही नाही. माझी बदली होईल हे माझ्याखेरीज साऱ्या परभणी जिल्ह्यात खरं वाटलं होतं ते एका बाईला, आणि तिनं त्या वर्षी भावकीत पदर पसरून मागून आणलेलं बी पेरलं होतं.